शार्त्रूज: नाव सरकारनं नेलं, कृती साधूंनी

आल्प्सकर

ग्रेनोबलला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात नाक चोंदून, घसा बसून पार आडवा झालो होतो. घरमालकीणबाई वर आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, खाली गेल्या आणि एक लाकडी नळकांडं घेऊन परत आल्या. जाड लाटण्याचा वीतभर तुकडा कापावा तसं. टोपण काढलं तर आत काचेची छोटी बाटली. साखरेच्या चौकोनी वडीवर त्यातले सात-आठ थेंब टाकले, वडी हिरवट झाली, आणि चावायची नाही, विरघळू द्यायची, असं खुणेनं सांगून बाई समोर उभ्याच राहिल्या. पहिले दोन सेकंद नुसती साखर. मग टाळूला आग, मग ओवा, पुदिना, गवती चहा, देवघरातली कापराची डबी असं एकामागून एक काहीतरी उलगडत गेलं आणि शेवटी कडू. सर्दी गेली की नाही ते आठवत नाही. बाटलीवर ६९ टक्के अल्कोहोल लिहिलेलं वाचलं ते मात्र चांगलं आठवतंय.

ते होतं एलिक्सिर व्हेजेताल, म्हणजे शार्त्रूज या मद्याचा पणजोबा. गेली तीन वर्षं त्या मद्याच्या गोष्टीमागे लागलोय. मराठीत यावर फारसं कुठे दिसलं नाही, म्हणून हा धागा.

शार्त्रूज हे आधी डोंगराचं नाव. ग्रेनोबलच्या उत्तरेला चुनखडीचे उभे कडे आहेत, आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण व्हावी असे, फक्त वर बर्फ. १०८४ साली कोलोनचा ब्रूनो नावाचा विद्वान धर्मगुरू सहा सोबत्यांना घेऊन तिथल्या रानात जाऊन राहिला. त्यातून एकांत आणि मौन पाळणारा कार्थुसियन हा ख्रिस्ती साधूंचा पंथ निघाला. ११३२ साली हिमकडा कोसळून पहिला मठ गाडला गेला, सात साधू गेले. उरलेल्यांनी थोडं खाली येऊन पुन्हा बांधलं. पुढे आगी लागल्या, पुन्हा बांधलं. आजच्या इमारती १६७६ च्या आगीनंतरच्या. या मंडळींना उजाडणं आणि वसणं याची सवय आहे हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागेल.

औषधाची गोष्ट १६०५ पासून सुरू होते. फ्रँस्वा-आनिबाल देस्त्रे या सरदारानं (चौथ्या हेन्री राजाच्या लाडक्या गाब्रिएलचा हा भाऊ) पॅरिसजवळच्या व्होव्हेर इथल्या कार्थुसियन मठाला एक हस्तलिखित दिलं. दीर्घायुष्याच्या अर्काची कृती. हे पंथाचं स्वतःचं सांगणं. कृती इतकी किचकट होती की तिच्यातलं थोडंफारच वापरलं जायचं, बाकी बाड पडून. अठराव्या शतकात ते डोंगरातल्या मुख्य मठात, ग्रांद शार्त्रूजला आलं. तिथे औषधं करणाऱ्या जेरोम मोबेक या साधूनं ते उलगडायला घेतलं आणि त्याच्यामागे अंत्वान नावाच्या साधूनं तडीला नेलं. १७६४ पर्यंत कृती पक्की झाली. शार्ल नावाचा एक बंधू खेचरावर बाटल्या लादून ग्रेनोबल आणि शांबेरीच्या बाजारात विकायला जायचा. म्हणजे डोंगरातून हिरडा घेऊन खाली बाजाराला उतरणारे आपल्याकडचे लोक असतात, तसंच.

मग राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये साधू पांगले. मूळ बाड ज्याच्याकडे होतं तो पकडला गेला आणि बोर्दोच्या तुरुंगात पडला. तरी बाड त्यानं कसंबसं बाहेर पोचवलं. ते हिंडत-फिरत ग्रेनोबलच्या लिओतार नावाच्या औषधविक्याकडे आलं. १८१० साली नेपोलियनच्या सरकारनं फर्मान काढलं: ज्यांच्याकडे गुप्त औषधांच्या कृती असतील त्यांनी त्या गृहखात्याकडे पाठवाव्यात. लिओतारनं इमानदारीत पाठवली. कागद परत आला, वर शेरा: 'नामंजूर'. सरकारदरबारी एक नकाराचा शिक्का बसला म्हणून चारशे वर्षांची वस्तू वाचली, हे मला फार आवडतं. लिओतार गेल्यावर वारसांनी ती कृती मठाला परत केली. साधू १८१६ मध्ये आपल्या जागी परत आले होते.

आज आपण ज्याला शार्त्रूज म्हणतो ते १८४० चं. मूळ अर्क फारच जहाल, म्हणून त्याच्यावरून हिरवी शार्त्रूज केली, ५५ टक्क्यांची. तिच्याच जोडीला पिवळी, जरा गोड आणि मवाळ, आता ४३ टक्क्यांची. वनस्पती १३०. मठाच्या खालच्या अंगाला फुर्व्वारी इथे १८६० च्या सुमारास भट्टी घातली आणि धंदा जोरात चालला.

इथवरची गोष्ट कुठल्याही पर्यटन-पत्रकात मिळेल. मला स्वतःला १९०३ ते १९२९ हा तुकडा सगळ्यात भारी वाटतो. फ्रान्सनं १९०१ मध्ये संघटनांबाबतचा कायदा केला, धार्मिक पंथांना परवानगी नाकारायला सुरुवात झाली. २९ एप्रिल १९०३ ला सैनिकांनी येऊन साधूंना मठातून बाहेर काढलं. सरकारनं मालमत्ता जप्त केली: मठ, भट्टी, तांब्याची भांडी, पिंपं आणि 'शार्त्रूज' हे नावसुद्धा. नाव विकलं. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे भट्टी होती, बाटली होती, लेबल होतं, पत्ता होता. कृती तेवढी नव्हती. ती साधू डोक्यात आणि झोळीत घालून स्पेनला, तारागोनाला घेऊन गेले. तिथे त्यांनी नवी भट्टी घातली आणि लेबलावर लिहिलं, 'तारागोना इथे कार्थुसियन पाद्रींनी बनवलेलं मद्य'. लोक त्याला नुसतं 'तारागोन' म्हणू लागले.

म्हणजे सव्वीस वर्षं बाजारात दोन बाटल्या. एकीवर नाव खरं, आत दुसरंच. दुसरीवर नाव नाही, आत मूळ वस्तू. लोकांनी कुठली घ्यावी?

नाववाल्या कंपनीचा शेवट असा झाला की १९२९ पर्यंत तिचं दिवाळं वाजलं. शेअरची किंमत मातीमोल झाली तेव्हा व्वारों गावातल्या काही व्यापाऱ्यांनी ते गोळा केले आणि साधूंना भेट देऊन टाकले. तेव्हा साधू कायद्यानं अजून परत आलेलेही नव्हते. फुर्व्वारीची भट्टी मिळाली, तर १९३५ च्या नोव्हेंबरात दरड कोसळून तीच गाडली गेली! भट्टी व्वारोंला हलवली. मठात साधू परतले ते १९४० मध्ये, फ्रान्स पडत होतं त्या धामधुमीत. तारागोनाची भट्टी १९८९ पर्यंत चालू होती.

भट्टी कशी चालते त्यावर प्रतिसादांत लिहीन. हात दुखले.

शेंडेफळ

मी धागा उघडला तो शार्त्रूज हा साडीचा रंग समजून. आमच्या दुकानात सप्लायरच्या कॅटलॉगमध्ये असतो. आम्ही गिऱ्हाइकाला 'पोपटी' म्हणून दाखवतो आणि ते 'नको, फार भडक' म्हणतात. हाच का तो?

आल्प्सकर

हाच. रंगाला नाव दारूवरून मिळालंय, उलटं नाही. हिरव्या बाटलीतली प्रत्यक्षात तुमच्या कॅटलॉगपेक्षा फिकी असते, कैरीच्या पन्ह्यात थोडा पुदिना वाटून घातला तर येईल तशी. रंग झाडपाल्याचाच आहे, वरून घातलेला नाही. म्हणून उन्हात उतरतो. त्या एलिक्सिरच्या बाटलीला लाकडी चिलखत घालतात ते याचसाठी.

पेगमोजणी

भारी लेख. कॉलेजात जॅगर बॉम्ब मारले त्यावर हरणाच्या डोक्यावर क्रॉस होता, तेही साधूंचंच ना? आणि बेनेडिक्टिन म्हणून एक असते, तीही मठातलीच. एकूण युरोपात साधू लोक दुसरं काही करायचे की नाही?

आल्प्सकर

येगरमायस्टर (जॅगर) आणि मठ यांचा काडीचा संबंध नाही. जर्मनीतल्या वोल्फनब्यूटेल गावात मास्ट घराण्याचा व्हिनेगर आणि वाइनचा धंदा होता, त्यातल्या कुर्ट मास्टनं १९३४ मध्ये ५६ जिनसांची ही कृती बसवली. ३५ टक्के. हरीण आणि क्रॉस हे शिकाऱ्यांचा संत ह्यूबर्ट याच्या कथेतलं.

बेनेडिक्टिनची गंमत वेगळी. नॉर्मंडीतल्या फेकां गावचा वाइनव्यापारी अलेक्झांडर ल ग्रां यानं ती १८६३ मध्ये काढली. २७ जिनसा. १५१० मधल्या एका साधूच्या जुन्या कृतीवरून केली असं त्यानं सांगितलं आणि कारखाना म्हणून राजवाड्यासारखी इमारत उठवली. साधू जाहिरातीत, मालक व्यापारी. शार्त्रूजमध्ये आजही कृती साधूंकडे आणि मालकी पंथाची. विक्री आणि बाटल्या भरणं यासाठी नेहमीची कंपनी आहे, पगारी माणसं आहेत.

जुनापुराणा_वकील

आल्प्सकर, तुमच्या 'लोकांनी कुठली घ्यावी?' या प्रश्नावर दोन मोठ्या कोर्टांनी निकाल दिलेत, ते राहिले. निवृत्त झालो तरी ट्रेडमार्कची खाज गेलेली नाही, म्हणून लिहितो.

फ्रेंच सरकारनं जप्तीचा जो माणूस नेमला होता त्याचं नाव लकुतुरिए. त्याचं म्हणणं, शार्त्रूजचा धंदा माझ्या ताब्यात, तर जगभरातलं नावही माझं. इंग्लंडमध्ये साधूंनी दावा लावला. १९१० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं साधूंच्या बाजूनं निकाल दिला: फ्रेंच कायद्यानं फ्रान्समधलं काय घ्यायचं ते घ्या, इंग्लंडमधल्या नावलौकिकाला तो कायदा हात लावू शकत नाही. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बॅग्लिन विरुद्ध क्युझनिए कंपनी. पंथाच्या वतीनं बॅग्लिन, समोर फ्रान्समधला तो माल अमेरिकेत विकणारी कंपनी. न्यायमूर्ती ह्यूजेस यांनी निकालपत्र लिहिलं.

कंपनीचे मुद्दे बघा, आजही वकील हेच मांडतात. पहिला: शार्त्रूज हे जागेचं नाव, त्यावर कोणाची मक्तेदारी कशी? कोर्ट म्हणालं, साधूंनीच त्या रानाला आणि मद्याला नाव मिळवून दिलं, आता हा शब्द ऐकून गिऱ्हाईक त्यांचाच माल समजतं. दुसरा: साधूंनी तारागोनाच्या बाटलीवर वेगळं लेबल लावलं, म्हणजे जुनं नाव सोडलं. कोर्ट म्हणालं, सोडायचा इरादा दिसायला हवा. हाकलून दिल्यामुळे दुसरं लेबल छापावं लागलं हा काही त्याग नव्हे. मला हा दुसरा मुद्दा फार आवडतो. भाऊबंदकीत घराबाहेर काढलेला माणूस भाड्याच्या खोलीवर वेगळी पाटी लावतो, म्हणून त्यानं वाड्यावरचा हक्क सोडला असं होत नाही.

तेव्हा १९११ नंतर परिस्थिती अशी: फ्रान्समध्ये 'शार्त्रूज' एकाची, लंडन-न्यूयॉर्कात दुसऱ्याची.

आल्प्सकर

वकीलकाका, दंडवत! इंग्लंडचा निकाल मला माहीतच नव्हता.

रसशाळा

आयुर्वेदीय औषधनिर्मितीत वीस वर्षं काढली, त्यामुळे वाचताना सारखं आसव-अरिष्ट डोक्यात येत होतं. पण जाता जाता एक फरक नोंदवते, कारण 'हे म्हणजे आपलं द्राक्षासवच की' असा प्रतिसाद कोणीतरी टाकणारच.

आसवात अल्कोहोल आतल्या आत तयार होतं. द्राक्षं किंवा काढा, गूळ, मध, त्यात धायटीची फुलं. आंबवण्याचं काम त्या फुलांबरोबर येणारं यीस्ट करतं. भांडं तोंड बांधून मुरत ठेवायचं. अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आत राहतं, कायद्याची मर्यादाही तीच. आणि काढ्यात उतरलेलं सगळं, कडू, तुरट, गाळ धरणारं, बाटलीत राहतं. म्हणून दशमूलारिष्ट तसं लागतं.

शार्त्रूजमध्ये वनस्पती आयत्या अल्कोहोलमध्ये भिजवतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात. वाफेबरोबर उडणारं तेवढंच वर जातं. कडू द्रव्यं, टॅनिन, रंग हे सगळं जड, ते खाली भांड्यात राहतं. म्हणजे भट्टीतून निघणारा अर्क पाण्यासारखा रंगहीन असणार. हिरवा रंग हवा तर नंतर पुन्हा पाला भिजवावा लागणार. बरोबर का, आल्प्सकर? तसं असेल तर शेवटी जो कडूपणा लागला तो या दुसऱ्या भिजवणीतून आला असावा.

आल्प्सकर

ताई, अगदी तसंच. व्वारोंच्या तळघरात गाईडनं हेच दाखवलं. आता भट्टीवर लिहितोच.

सगळ्या वनस्पती मठातच येतात, वर्षाला साधारण अठरा टन. मठात एक वनस्पतींची खोली आहे. तिथे वाळवणं, कांडणं, मोजणं, मिसळणं हे फक्त कृती माहीत असलेले साधू करतात. असे साधू एका वेळी दोन-तीनच. मिसळलेला माल पोत्यांत भरून डोंगराखाली भट्टीवर जातो. पोत्यावर आकडा, नाव नाही. भट्टीवरच्या कामगारांना कुठलं पोतं कुठल्या भांड्यात आणि किती वेळ, एवढं कळतं. आत काय आहे ते नाही. व्वारोंची भट्टी असताना तापमान वगैरे मठातून कॉम्प्युटरवर बघायची सोय केलेली होती. ज्या पंथात बोलायलाही हिशेब आहे तिथे रिमोट मॉनिटरिंग सगळ्यांच्या आधी आलं!

अर्क निघाल्यावर रंगासाठी दुसरी भिजवण, साखर, आणि मग ओकची पिंपं. व्वारोंचं तळघर १६४ मीटर लांब आहे, लिकरचं (म्हणजे अशा गोड, मसालेदार मद्याचं) जगातलं सगळ्यात लांब तळघर म्हणून ते सांगतात. दोन्ही बाजूंना माणसाच्या दीडपट उंच पिंपं. आत शिरल्यावर वास येतो तो दारूचा नाही, काष्ठौषधींच्या दुकानाचा. पुण्यात रविवार पेठेत जी दुकानं आहेत ना, तशा दुकानात पावसाळ्यात शिरल्यावर येईल तसा. पिंप कधी फोडायचं याचं वेळापत्रक नसतं. साधू येऊन चाखतात आणि 'झालं' म्हणतात तेव्हा झालं. जास्त मुरवलेली एक वेगळी जात १९६३ पासून काढतात, लाकडी पेटीत, लाखेचं सील लावून.

आता मात्र भट्टी व्वारोंला नाही. भर गावात एवढं अल्कोहोल साठवू नये असे नियम कडक झाले, म्हणून २०१७-१८ च्या सुमारास मठाजवळ एग्न्वार इथे नवी भट्टी झाली. ती जमीन सतराव्या शतकात पंथाचीच शेती होती. व्वारोंला आता तळघर आणि संग्रहालय.

काठावरपास

रसायनशास्त्रात पीएचडी केल्याचं आज पहिल्यांदा चीज होतंय.

'आजच्या काळात गुपित कसलं, मशिनमध्ये घालून बघा की' असं मला मित्रांनी विचारलंच आहे, म्हणून आधीच उत्तर. गॅस क्रोमॅटोग्राफ रेणू सांगतो, झाड सांगत नाही. उदाहरण घ्या: थायमॉल. आपल्या ओव्याचा वास त्याचाच. तोच रेणू युरोपातल्या थाइममध्येही आहे. यंत्रानं थायमॉल दाखवलं तर ते कशातून आलं? दोन्हींतून आलं असेल, तर किती-किती? आता असे शेकडो रेणू आणि १३० झाडं. त्यात ताईंनी सांगितलं तसं बरंचसं द्रव्य ऊर्ध्वपातनात मागेच राहिलं, म्हणजे एखादं झाड पोत्यात होतं पण बाटलीत त्याचा मागमूस नाही असंही होऊ शकतं. शिवाय झाड ओलं की वाळलेलं, पान की मूळ, कुठल्या पोत्यात कोणाबरोबर भिजलं, यानं आकडे बदलतात. यादी मिळाली तरी कृती मिळत नाही.

नाव विकत घेतलेल्या कंपनीचं तेच झालं असणार. भांडी होती, कामगारही मिळाले असतील, हात नव्हता.

पेगमोजणी

मग पेटंट का नाही घेतलं? एवढे खटले लढले त्यापेक्षा.

जुनापुराणा_वकील

पेटंट घ्यायचं म्हणजे कृती जगाला सांगायची आणि बदल्यात ठरावीक वर्षांची मुदत घ्यायची. मुदत संपली की कोणीही करा. गुपिताला मुदत नाही, पण फुटलं की संपलं. साधूंनी दुसरी वाट धरली, आणि ज्या पंथात माणसं एकमेकांशी क्वचितच मोकळेपणानं बोलतात तिथे ती वाट सोपी.

मांडवीकाठी

आमच्या गोव्याला विसरू नका हो. फेणी म्हटलं की लोकांना काजू नाहीतर माड एवढंच ठाऊक. पण दुक्शिरी नावाची मुळं घातलेली फेणी आमच्याकडे जुन्या घरांत औषध म्हणूनच असते. दुक्शिरी म्हणजे तुमची अनंतमूळ. बाटलीत मुळांच्या काड्या दिसतात, फेणी तांबूस होते आणि पहिला वास थेट ओल्या मातीचा. पोट बिघडलं की आमची मांय चमचाभर द्यायची, लहान मुलांना नाही, पण 'लहान' कधीपर्यंत हे तीच ठरवायची.

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वकीलकाका, तुमचा तो जागेच्या नावाचा मुद्दा इथे उलटा लागतो ना? तिथे एका पंथाची मालकी, इथे अख्ख्या गोव्याची.

जुनापुराणा_वकील

बरोबर. मानांकन कुणा एकाचं नसतं, त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं.

खडूसआजोबा

सगळं छान. पण मौनव्रती साधूंनी ५५ टक्क्यांची दारू गाळून विकायची आणि आपण 'वा वा' म्हणायचं, हे मला पटत नाही. आमच्या मुंबई राज्यात दारूबंदी होती तेव्हा 'औषध' या नावाखाली काय काय प्यायलं जायचं ते मी पाहिलेलं आहे. जिंजरच्या टिंक्चरच्या बाटल्या गटारात सापडत. औषध, औषध म्हणत दारूच.

जुनापुराणा_वकील

आजोबा, त्यावरही निकाल आहे! १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बलसारा यांनी आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बराचसा कायदा राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी उडवली. तुमच्या गटारातल्या बाटल्यांना घटनेचं संरक्षण होतं म्हणा.

आल्प्सकर

आजोबांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. मलाही तो पहिल्यांदा टोचला होता.

मठात बाहेरच्यांना प्रवेश नाही. साधारण दोन किलोमीटर खाली कोररी नावाची त्यांचीच जुनी इमारत आहे, तिथे संग्रहालय केलंय. तिथून चालत वर गेलं की मठाच्या भिंतीपर्यंत जाता येतं. वाटेत पाटी आहे: शांतता क्षेत्र. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, वर ग्रां सोमचं शिखर ढगात. भिंतीपलीकडे स्लेटची छपरं एका ओळीत दिसतात, प्रत्येक साधूचं वेगळं छोटं घर. आत प्रार्थनेची खोली, सुतारकामाची जागा, भिंतींनी बंद केलेली वाफ्याएवढी बाग. जेवण भिंतीतल्या खिडकीतून येतं. मांस कधीच नाही. रात्री उठून प्रार्थना. आठवड्यातून एकदा सगळे मिळून रानात लांब फिरायला जातात, तेव्हा बोलतात. संग्रहालयात तशा एका खोलीची प्रतिकृती आहे. मी त्या स्टुलावर बसून बघितलं. तीन मिनिटांत खिशातला फोन चाचपला.

ही माणसं दारू पिऊन झिंगायला विकतात असं मला वाटत नाही, पण पंथाचं पोट तिच्यावर चालतं हेही खरं. आणि म्हणूनच पुढचा प्रकार मला विशेष वाटला. साधारण वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत सिएटलच्या एका बारमन्यानं 'लास्ट वर्ड' हे जुनं कॉकटेल उकरून काढलं: जिन, हिरवी शार्त्रूज, माराश्किनो (चेरीचं गोड मद्य) आणि लिंबाचा रस, चारी समान. ते जगभर पसरलं. मागणी एवढी वाढली की दुसऱ्या कुठल्याही कंपनीनं तीन पाळ्या लावल्या असत्या. साधूंनी उत्पादन वर्षाला सोळा लाख बाटल्यांच्या आसपास थांबवलं आणि २०२३ च्या सुरुवातीला तसं पत्र पाठवून कळवलं. कारण दिलं ते असं की आमचा मुख्य उद्योग प्रार्थना आणि एकांत, भट्टी त्यासाठी आहे. शिवाय जास्त माल म्हणजे जास्त झाडं, जास्त पाणी, जास्त इंधन.

काठावरपास

बोस्टनमध्ये आमच्या इथल्या दुकानात रिकामी जागा आणि चिठ्ठी, 'एका गिऱ्हाइकाला एक, आली तर'. हे त्या पत्राचं कारण होतं तर. मी दुकानदाराला नावं ठेवत होतो.

शेंडेफळ

आमच्याकडे पैठणीवाले विणकर असंच म्हणतात, माग वाढवले तर हात कुठून आणू. आणि मग कोणीतरी पॉवरलूमवर 'पैठणी' काढतो आणि खपवतो. शार्त्रूजचंही तसं होणार नाही का? नाव नाही वापरलं तरी '१३० वनस्पतींची हिरवी लिकर' असं लिहून?

आल्प्सकर

झालंय. टंचाईनंतर बऱ्याच जणांनी हिरव्या बाटल्या काढल्यात, कॉकटेलमध्ये चालतात असं बारवाले सांगतात. मी एक प्यायलो. साखर आणि पुदिना जास्त, मधला तो उलगडत जाण्याचा भाग नाही. पण मी काही निष्पक्ष परीक्षक नाही, माझी पहिली चव तापात आणि साखरेच्या वडीवरची.

रसशाळा

ती लाकडी नळकांड्याची बाटली भारतात आणता येते का? ६९ टक्के म्हणजे विमानात अडवतील ना?

आल्प्सकर

सत्तरच्या वरचं विमानात चालतच नाही, त्यामुळे एका टक्क्यानं वाचलो. चेक-इनच्या बॅगेतच टाकायची, बंद बाटली. मोज्यात गुंडाळायची गरज पडत नाही, लाकूड असतंच.

मागच्या मे महिन्यात सांगलीला नेली होती. फ्रान्सचं औषध म्हणून आजीच्या तळहातावर साखर ठेवून चार थेंब टाकले. तिनं आधी हुंगलं. म्हणाली, "ओव्याचा अर्क आहे. सोबत आणखी काहीबाही आहे." मग खाल्लं, डोळे मिटले, आणि बाटली माझ्याकडे परत न देता फडताळात अमृतधारेच्या शेजारी ठेवून दिली. अजून तिथेच आहे. फोनवर विचारलं तर म्हणते, थोडी उरलीये, येताना आण.